मुशीचा तुकडा

दुसऱ्या गेटवर आज पुन्हा फाटक पडलंय.
सायकलच्या कॅरिअरला बांधलेला माझा ड्रॉइंग बोर्ड,
वारा लागला की सायकल आपली आपणच
टिळकवाडीकडं वळायला बघते.
"शीड लाव की मर्दा," निंगराज म्हणतो, "होडीच झाली तुझी."
मालगाडीचे डबे मोजतो आम्ही,
तो कन्नडमधनं, मी मराठीतनं.
चाळिसाच्या पुढं दोघंही चुकतो
आणि आकडा एकच येतो.

काल शहापुरात गिरणीचा बोर्ड रंगवला.
वरची ओळ त्याची, खालची माझी,
कडेची वेल अल्फियाची:
लग्नसराईत मेंदी काढून काढून
तिच्या हाताला थांबायचं कुठं ते कळतं, आम्हाला नाही.
त्याची अक्षरं वाटोळी, टम्म फुगलेली,
माझी दोरीवर वाळत घातलेली.
गिरणीवाला लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिला.
"चांगलं आहे, खरं रंग उडाला तर परत पैसे नाही देणार."
नऊशे रुपये. तिघांत तीनशे.
मिसळ खाल्ल्यावर दोनशे वीस.

वर्गात सरांनी तासभर समजावलं,
दोन रंग शेजारी ठेवले
की डोळा त्यांचा तिसरा कसा करतो.
घरी येऊन आईला माझा कागद दाखवला.
वडगावात दिवसभर मागावर उभी राहून आलेली ती,
कानांत अजून खडखडाट, म्हणून जरा मोठ्यानंच बोलते:
"हिरवा मेलाय रे तुझा.
उभ्याला जांभळा घाल, आडव्याला हिरवा,
मग बघ कसा हलतोय."
आणि भाकरी उलटली.

फी भरली त्या आठवड्यात
कोळशाच्या कांड्या संपल्यात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
आईनंच ओळखलं असणार,
पेन्सिलीची टोकं मी नखानं उकरत होतो त्यावरनं.
शनिवारी बाबा रात्रपाळी करून उद्यमबागेतनं आले,
डब्याच्या पिशवीत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी.
पितळ ओतायची मूस तडकली होती,
तिचा तळहाताएवढा तुकडा.
"हे चालतंय काय बघ. भिंतीवर ओढून बघितलं मी, उठतंय."

उठत होतं.
काळं नव्हे, शिशासारखं, थोडं तेलकट,
जोरात दाबलं तर चमकणारं.
फौंड्रीची भिंत कशी असेल आता, असं वाटलं,
तिच्यावर त्यांनी काय ओढून बघितलं असेल.
विचारलं नाही.

परीक्षेला घरच्या माणसाचं पोर्ट्रेट हवं होतं.
भाऊ दोन मिनिटं बसत नाही,
आई म्हणाली, "मला कशाला, माझं तोंड काय बघायचं."
बाबा बसले. आंघोळीच्या आधीच, खुर्चीत, ताठ,
फोटोला बसतात तसे.
पाचव्या मिनिटाला झोपले.

मग काढत गेलो.
जबडा सैल पडला तो सैलच काढला.
भुवयांत वाळू अडकलेली,
तिचा कण न् कण टिपला त्याच तुकड्यानं,
ज्यानं परवापर्यंत पितळ पेललं होतं.
पाठीमागं आईनं चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं.
कुणी त्यांना उठवलं नाही.

जागे झाले तेव्हा ऊन खुर्चीवरनं निघून गेलं होतं.
"झालं?"
कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.
"भुवईवर घाण बसली बघ," म्हणाले,
फुंकर मारली.
हलली नाही, तेव्हा अंगठ्यानं पुसली.

डाव्या भुवईवर अंगठ्याएवढा धुरकट पट्टा.
खोडरबर हातात घेऊन बराच वेळ बसलो.
निंगराज म्हणाला, "आता हेच बेस्ट दिसतंय."
अल्फिया काहीच बोलली नाही,
तिनं फक्त माझ्या हातातला रबर काढून घेतला.

सोमवारी सरांनी कागद उजेडात धरला.
"इथं बोट लागलंय."
दोन मार्क कापले.